ज्याचं नाव, त्याचं भांडं

एकदा एक शहाणा म्हातारा होता. आता शहाणा म्हणजे दीडशहाणा नव्हे, खरोखरचा. जन्मभर वकिली केली, म्हातारपणी लोकांच्या तडजोडी करून द्यायचा. हाताखाली एक शिष्या होती. कायदा तिला तोंडपाठ, माणसं अजून पाठ व्हायची होती.

एक दिवस हेमांगी आणि सदानंद आले. अकरा वर्षं एकत्र राहिले, एकत्र खानावळ चालवली. लग्न तेवढं केलं नाही. राहून गेलं म्हणा. आता पटेना, म्हणून वेगळं व्हायचं होतं.

सदानंद म्हणाला, "जागेचा कागद माझ्या एकट्याच्या नावावर आहे. हिनं आपली पेटी उचलावी."

"आणि अकरा वर्षं पोळ्या लाटल्या, त्या कुठं गेल्या?"

"गिऱ्हाइकाच्या पोटात."

शिष्या हळूच म्हणाली, "आजोबा, लग्न नाही. कागदापुढं बाईचं अवघड आहे."

"कागद राहू दे," म्हातारा म्हणाला. "खानावळीतली भांडी आणा. ज्याचं नाव, त्याचं भांडं."

शिष्येनं कपाळाला हात लावला. बाईच्या डोक्यावरचं छप्पर जायची वेळ, आणि गुरुजी वाट्या बघणार.

टेम्पो भरून भांडी आली. शिष्या नावं वाचायला बसली. मोठं पातेलं, हेमांगी. परात, सदानंद.

"पातेलं कुणी घेतलं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मी," सदानंद म्हणाला.

"मग नाव हिचं कसं?"

"दुकानदारानं विचारलं, नाव काय घालू. तोंडातून हिचंच निघालं."

"बरं, आणि परात?"

"ती मी घेतली," हेमांगी म्हणाली. "पीठ हा मळायचा. म्हणून याचं नाव."

पार झाऱ्यापर्यंत तसंच. त्यानं घेतलं त्यावर ती, तिनं घेतलं त्यावर तो. एका चमच्यावर तेवढं शेजारणीचं नाव निघालं. तो चोरीचा माल गुपचूप बाजूला ठेवला.

"सदानंदा, जागेचा कागद करायला एकटाच का गेलास?"

सदानंद म्हणाला, "जेवणाची वेळ होती. ही चुलीपाशी थांबली, म्हणून मला जाता आलं."

म्हातारा म्हणाला, "बाळा, कागदावर नाव पडतं ते हजर असेल त्याचं. भांड्यावर पडतं ते मनात असेल त्याचं. वाटणीला बसताना दोन्ही वाचावीत."

सदानंदानं परात जवळ ओढली. मग शिष्येला म्हणाला, "ताई, जागा अर्धी हिची लिहा. हिच्या पोळ्यांवरच तर खानावळ उभी राहिली."

हेमांगीनं पदर डोळ्याला लावला. "पण पीठ तुझ्यासारखं कुणाला मळता यायचं नाही. ते मी कुठंही सांगीन."

शिष्येनं कागद घेतला. एरवी ती 'माझं' आणि 'तुझं' असे दोन रकाने पाडायची. त्या दिवशी तिनं लिहिलं, 'तिच्याकडून मिळालेलं' आणि 'त्याच्याकडून मिळालेलं'. दोघं सांगू लागली. भांडण झालं, पण ते एवढंच, की पुढची ओळ आधी कुणी सांगायची.