हरकाबाईनं तोंड मिटलं त्याची गोष्ट

आपल्या खापरपणज्याचे दुधाचे दात पडायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. पोरांनो, पुढं सरका. मोठ्यांनी मागं कुजबुजायचं असेल तर घरी जावं. ही गोष्ट सांगताना चिंचखडीचा माणूस मान वर करत नाही. मीही करणार नाही.

तेव्हा गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्तीनं नुकताच येशूचा मार्ग धरला होता. येशूचं देऊळ म्हणजे कुडाच्या भिंती आणि वर पाचट. आत एकच मोलाची वस्तू, पाद्रीसाहेबानं दिलेलं काळ्या कातड्याचं पवित्र शास्त्र. ते छापील मराठीत होतं, आणि वाचता येणारा वस्तीत एकटा इसाख. तोच या नव्या ख्रिस्ती मंडळीचा पंच. मान ताठ करून, आवाज चढवून वाचायचा. मराठीच ती, पण शहरातल्या पंडितांची. लोक माना हलवायचे आणि घरी गेल्यावर एकमेकांना विचारायचे, "काय म्हनला गं त्यो?" इसाखलाही निम्मं कळत नव्हतं. पण ते त्यानं कुणाला कळू दिलं नाही.

आणि आपली माणसं अशी येडी, की कळत नाही म्हणजेच ते देवाचं, असं समजायची. देव आपल्यासारखं बोलेल कशाला? आपली बोली शेणाच्या हातांची. तिची आपल्यालाच लाज. सगळं वाटोळं इथून सुरू झालं.

त्या वस्तीत हरकाबाई नावाची एक विधवा होती. घायपाताचे दोर वळायची. तिला अक्षर येत नव्हतं. पण साहेबाच्या मडमेनं तिला समोर बसवून सगळं शास्त्र वाचून, समजावून दिलं होतं, आणि एकदा कानात गेलेलं तिच्या डोक्यातून निघत नसे, असं म्हणतात. दुपारी बाया दोर वळायला लिंबाखाली बसल्या की ती त्यांना शास्त्रातलं सांगायची. आपल्या बोलीत.

"द्येव माजा मेंढक्या हाये. मला काय कमी? मरणाच्या खिंडीत अंधार आसंल, आसू दे. त्यो माज्या म्होरं काठी आपटत चाललाय."

बायांचे हात दोरावर थांबायचे. असं म्हणतात, तिनं वादळाची गोष्ट सांगितली की बायांचे पदर ओले व्हायचे, आणि येशूनं पाच भाकरींत हजारोंना जेवू घातल्याची सांगितली की उपाशी पोराला ढेकर यायची. मी तिथं नव्हतो. पण इसाखची म्हातारी आई, ठकूआई, रोज काठी टेकत तिथं जायची आणि परत येताना ताठ चालायची, एवढं सगळेच सांगतात.

ते इसाखच्या कानावर गेलं. रविवारी त्यानं हरकाबाईला देवळात सगळ्यांसमोर उभं केलं.

"पुस्तकात काठी हाये. आपटत कुटं हाये? दाव."

"मला वाचता येतंय व्हय, इसाखदादा? पर काठी हाये म्हन्तोस न्हवं? मग काय काखंत मारून चालंल? अंधारात साप आसत्यात. काठी आपटायचीच आसती."

लोक हसले. तेच वाईट झालं. हसू ऐकलं की इसाखचं डोकं फिरायचं.

"द्येवाच्या शब्दाला सोताचं ठिगळ लावती! ह्ये पुस्तक जसंच्या तसं वरनं आलंय. ह्यातलं अक्षर द्येवानं सोता काढलंय. तुज्या तोंडातनं काय येतंय? तमाखूचा वास!"

हसणारे गप्प झाले. कारण सगळ्यांना खरंच तसं वाटत होतं. देव बोलला तो छापील मराठीत, आणि साहेबानं ते आणून दिलं, बस. ते पुस्तकसुद्धा कुणीतरी एका भाषेतून दुसरीत आणलेलं असेल, हे वस्तीत एकाच्याही मनात आलं नव्हतं.

इसाखनं पुस्तक पुढं केलं. म्हणाला, "ह्याच्यावर हात ठिव. शास्त्रातलं एक अक्षर तुज्या बोलीत काढनार न्हाई म्हन. न्हाईतर मंडळीबाहेर. मेलीस तर मूठमाती बी न्हाई."

हरकाबाईनं बायांकडं पाहिलं. रोज तिच्या शब्दावर डोळे पुसणाऱ्या बाया. एकीनं पोराचं नाक पुसायला घेतलं, एकीनं पदर नीट केला. ठकूआई बोलायला उठत होती, तिला सुनेनं खाली ओढलं. हरकाबाईनं पुस्तकावर हात ठेवला, शपथ घेतली आणि तोंड मिटलं.

बंदी घातली होती ती फक्त शास्त्र सांगायला. तिनं सगळंच बोलणं सोडलं. मीठ मागायचं तरी हातानं खूण. असं म्हणतात, आपल्या बोलण्यात शास्त्र कुठं संपतं आणि हरका कुठं सुरू होते, हे तिचं तिलाच वेगळं करता येईना. चुकून शपथ मोडू नये म्हणून तिनं कडीच लावून घेतली.

पुढं थंडीत ठकूआई आजारी पडली. अंग तापलं, श्वास घरघरू लागला. मरणाला ती भीत नव्हती, अंधाराला भीत होती. दिवेलागणीला म्हणाली, "हरकीला बोलवा."

"ती न्हाई बोलायची, आये. म्या वाचतो." इसाखनं पुस्तक उघडलं आणि वाचलं. मोठ्यानं, ताठ मानेनं.

म्हातारीनं ऐकलं. मग विचारलं, "ह्ये कुनाला सांगतुयास? मला सांग की रं. त्यो काठीवाला कुटं गेला?"

इसाखला हरकाबाईचे ते शब्द पाठ होते. त्यांच्यावरूनच तर त्यानं हरकाबाईला उभं केलं होतं. पण ते त्याच्या तोंडून निघेनात. मरत्या आईपुढंही निघेनात. तो उठून दारात आला. म्हातारीचं कळलं म्हणून आलेली हरकाबाई गल्लीत उभी होती. "बोल गं बाई, तुला मोकळीक हाये," एवढंच म्हणायचं होतं त्यानं. तेही म्हणाला नाही. पंच होता ना.

हरकाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग कुपाटीतली, दारापुढच्या काटेरी कुंपणातली, एक काठी उपसली आणि दारापुढून चालू लागली, प्रत्येक पावलाला काठी जमिनीवर आपटत. ठक्, ठक्. ओठ मिटलेले. गल्लीच्या टोकाला जायची, परत यायची, पुन्हा जायची.

आत म्हातारीनं डोळे उघडले. "आला बग," म्हणाली. "म्होरं चाललाय." आणि तिचा जीव सुखानं गेला.

असं म्हणतात, जीव जाताच हरकाबाईनं काठी कुपाटीला टेकवून ठेवली, तरी आवाज थांबला नाही. तो गल्लीतून निघाला, वेशीवरून गेला, ओढा ओलांडून टेकडीकडं लांब लांब जात राहिला. सबंध वस्तीनं दारात उभं राहून ऐकला.

आईला माती दिल्यावर इसाख तसाच पायी पाद्रीसाहेबाच्या बंगल्यावर गेला. झालेलं सगळं सांगून विचारलं, "साहेब, शास्त्रात काठी आपटत असं हाये का?"

साहेब म्हणाला, "तसं नाही. पण काठीसाठी मूळ भाषेत जो शब्द आहे त्यावर आम्ही फार भांडलो होतो."

"मूळ भाषा?"

"इब्री, यहुदी लोकांची जुनी भाषा. मी आणि दोन पंडित त्या मेजाशी बसून मराठी करत होतो. लिहायचं, खोडायचं. एक पंडित तर रागावून घरी गेला होता."

इसाख खाली बसला. "म्हंजी ह्ये द्येवाच्या तोंडचं न्हाई?"

"देवाचंच आहे. पण आमच्या तोंडातून आलंय. देवानं हात धरला असं मला वाटतं. काही ओळींवर वाटतं, काही ओळींवर नाही."

"मग हरकाच्या तोंडातनं आलेलं?"

साहेबानं त्या मेजाकडं पाहिलं. मग म्हणाला, "ते मला ठरवता येत नाही, इसाख. तुम्ही कसं ठरवलंत?"

साहेब स्वतः चिंचखडीला आला. हरकाबाईच्या ओट्यावर बसून म्हणाला, "बाई, मी तुला शपथेतून मोकळं करतो. तू सांग, मी लिहून घेतो." मागं सगळी वस्ती उभी, आणि सगळ्यांत मागं इसाख.

हरकाबाईनं साहेबाच्या हातातलं पुस्तक घेतलं, कपाळाला लावलं, त्यावर हात ठेवला आणि मान हलवली. नाही.

सगळ्यांना समजलं. हे पुस्तक देवाचं आहे असं ओरडत होतो आपण, आणि साहेबाच्या एका शब्दावर ते मोडायला निघालोही आपणच. ती मराठी पंडितांची असो की कुणाची, तिनं देवाचा शब्द म्हणून त्यावर हात ठेवला होता, आणि वस्तीत तो खरा मानणारी ती एकटीच निघाली. कोणी तिच्याकडं पाहू शकलं नाही. साहेबानं टोपी उचलली आणि गेला.

पुढं किती तरी वर्षं ती जगली. बोलली नाही. मरताना मात्र तिचे ओठ हलले. आवाज आला नाही. पण असं म्हणतात, भोवती बसलेल्या प्रत्येक बाईला वेगळं वाक्य ऐकू आलं, ज्या त्या घरच्या बोलीत. कुणाला वादळातलं, कुणाला हरवलेल्या मेंढराचं. ज्या बाईनं जे ऐकलं ते तिनं घरी नेलं. इसाख उशाशी उभा होता. त्याला नुसते ओठ हलताना दिसले.

तेव्हापासून चिंचखडीत हरकाबाईचा रविवार पाळतात. त्या दिवशी देवळात पुस्तक उघडत नाहीत. पंच आणि पाद्री खाली जमिनीवर बसतात आणि घराघरातली थोरली बाई उठून आपल्या वाट्याचं शास्त्र सांगते. पुष्कळ घरं उठून गेली, पुष्कळ म्हाताऱ्या न सांगताच मेल्या. उरलंय ते तुटकं. परवा शेवंताकाकूनं नोहाच्या तारवात, महापुरातल्या त्या मोठ्या नावेत, शेळीला करडं झाल्याचं सांगितलं. पोरं हसली. पण ते चुकलं असं कुणी म्हटलं नाही. ते देवाचं की हरकाबाईचं की शेवंताकाकूच्या पदरचं, ते चिंचखडीत कुणी विचारत नाही. विचारायला आम्हाला तोंड राहिलं नाही.