तांब्याचे पंख आणि वजनदार नाणी

तांबट आळीच्या टोकाला, अगदी शेवटच्या घरात वेणू राहायची. आई हंडे ठोकायची, पण हंडे घेणारं कुणी उरलं नव्हतं. धाकटा मुकुंदा नुकताच आजारातून उठला होता. डॉक्टरांनी त्याला रोज दूध द्यायला सांगितलं होतं, आणि घरात तर चहापुरतंही दूध नसायचं.

एका सकाळी परसातल्या पिवळ्याधमक भोपळ्याच्या फुलात वेणूला दिसली एक इवलीशी परी. तिचे तांब्याचे पंख काळेठिक्कर पडले होते. बिचारीला उडताच येईना! वेणूने आमटीसाठी ठेवलेली चिंच आणली नि हलक्या हाताने पंख घासले. अहाहा! पंख कसे गुलाबी-सोनेरी लखलखू लागले.

"गुणाची गं माझी बाय! माग एक वर," परी म्हणाली. "पण परत फिरवायचा झाला, तर त्यातून मिळालेलं सगळं द्यावं लागेल हं."

तांबटाचीच पोर ती! तिच्या लेखी किंमत म्हणजे वजन. डब्यात आजोबांची चार जाडजूड नाणी होती.

"नाण्यात जेवढा धातू, तेवढीच त्याची किंमत होऊ दे!"

आणि काय सांगू, बाजारात एकच हाहाकार! वेणूच्या चार नाण्यांना गवळ्याने तांब्याभर दूध दिलं. पण शेजारी फुलवाल्या हौसाआजी मटकन खालीच बसल्या. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी त्यांनी गाठोडंभर नाणी साठवली होती. ती सगळी नवी, पातळ, हलकी. दुकानदाराने गाठोडं तराजूत टाकलं.

"आजी, याची फार तर दोन केळी येतील."

"अरे, वर्षाची कमाई आहे रे ती!"

वेणूने हातातल्या तांब्याकडे पाहिलं. हे आपण केलं? आपण? ती तांब्या घेऊन धावतच परसात आली.

"परीताई, फिरव गं वर! हे घे दूध."

"मुकुंदाचं ना हे?"

"हो." वेणूला रडू फुटलं. "त्याला मी पेज करून घालीन. पण आजींचे डोळे..."

परीने तांब्याला नुसतं बोट लावलं. लख्खकन उजेड पडला, सारं परस सोन्यासारखं उजळलं, आणि त्या उजेडातच परी दिसेनाशी झाली. तिकडे बाजारात नाणी पुन्हा होती तशी झाली, नि हौसाआजी गाठोडं छातीशी धरून दवाखान्याकडे निघाल्या.

वेणूच्या हातातला तांब्या मात्र काठोकाठ भरलेला! तेव्हापासून तो रोज सकाळी भरलेलाच असायचा. त्या दिवशी आईने तो मुकुंदापुढे केला. वेणूने पहिला पेला भरून आईच्याच हातात दिला.

"आई, आधी तू."

किती दिवसांनी आई दूध प्याली!