कोरा हात

पूर्वी मंजरीपूर नगरात अरुणवर्मा नावाचा राजा सुखाने राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या एका गंध्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव मलय. मलयाचे दुकान फुलबाजाराच्या टोकाला होते आणि तिथे चंदन, केवडा, कस्तुरी, केशर असे सगळे गंध मातीच्या कुप्यांत मांडून ठेवलेले असत.

या घरात एक जुनी रीत होती. गंध्याने डाव्या हाताला कधीही गंध लावायचा नाही. लग्नात हळद लागे तीसुद्धा उजव्याच हाताला. डावा हात कोरा ठेवायचा. त्याचे कारण साधे होते. गंध हुंगता हुंगता नाक भरते. नाक भरले की माणसाला वाटते, वास कमी पडतोय, आणखी घाला. म्हणून एक कुपी खाली ठेवली की गंध्याने डाव्या कोपराच्या आतली घडी हुंगायची, पोटातला श्वास सगळा बाहेर सोडायचा आणि मगच दुसऱ्या कुपीकडे वळायचे. मधल्या त्या क्षणी त्याला स्वतःचा वास येई. तेवढ्याने नाक पुन्हा जागेवर येई.

मलयाने ही रीत दुकानापुरती ठेवली नाही. रोज पहाटे तो वेणावतीच्या काठी जाई, अंग ताणून मोकळे करी, पाठ ताठ ठेवून गवतावर बसे आणि श्वास येताना आणि जाताना नुसता बघत राही. दिवसभरात कुणी काही विचारले तर आधी कोपर हुंगायचा, श्वास सोडायचा आणि मग बोलायचे, अशी सवयच त्याला लागली होती. लोकांना याची भारी गंमत वाटे. त्याची बायको उत्पला शेजारणींना सांगे, "आमच्याकडे नुसतं 'जेवायला वाढू का' विचारलं तरी आधी कोपर वर जातो. तोवर भात निवतो." पण रागाच्या भरात मलयाच्या तोंडून शब्द गेला आणि मग त्याला तो परत घ्यावा लागला, असे तिने कधी पाहिले नव्हते. हे मात्र ती शेजारणींना सांगत नसे.

मलयाला कुमुद नावाचा धाकटा भाऊ होता. खरे सांगायचे तर कुमुदचे नाक थोरल्यापेक्षा तिखट होते. रस्त्याने जाणाऱ्या बाईच्या वेणीतला मोगरा कुठल्या मळ्यातला, हे तो दुकानात बसून सांगे. एवढे असूनही बाजारात त्याची ओळख एकच होती, मलयाचा भाऊ.

एकदा पुष्कर नावाचे अमात्य दुकानात आले. राजवाड्यातला म्हातारा राजगंधी आता थकला होता आणि राजाला त्याच्या जागी कुमुद हवा होता. अमात्य म्हणाले, "कौमुदी उत्सवाच्या दिवशी आपल्या हातचा नवा गंध घेऊन दरबारात ये. तिथंच हो की नाही ते सांग. एक मात्र ध्यानात ठेव. राजगंधी झालास की तो जन्मभराचा. वाड्याबाहेर राहायचं नाही आणि वाड्याबाहेरच्या कुणासाठी गंध करायचा नाही."

त्या दिवसापासून कुमुदच्या जिवाला स्वस्थता राहिली नाही. त्याने मामाला विचारले. मामा म्हणाला, "आलेली लक्ष्मी परतवू नकोस." सासऱ्यांना विचारले. ते म्हणाले, "राजाची मर्जी आज आहे, उद्या नाही, तू आपलं दुकान धर." माळणीला विचारले, नावाड्याला विचारले, घाण्यावर तेल आणायला गेला तेव्हा तेल्यालाही विचारले. सकाळी तो वाड्यात जायला निघालेला असे आणि संध्याकाळी दुकानात राहायला. ज्याच्याशी शेवटचे बोलणे व्हावे त्याचेच मत कुमुदला आपले वाटे.

शेवटी तो मलयाकडे आला. "दादा, आता तूच सांग काय करू ते."

मलयाने कोपर हुंगला, श्वास सोडला आणि तो म्हणाला, "मी सांगितलं तर माझं आणखी एक मत तुझ्या डोक्यात शिरेल. जागा आहे का तिथं?"

कुमुदला हे उत्तर मुळीच आवडले नाही. थोरल्या भावाच्या मनात काहीतरी सलते आहे अशी शंका त्याला आली आणि त्याने ती मनातच ठेवली.

उत्सवाच्या आदल्या दिवशी सकाळी कुमुद गंध करायला बसला. केवड्यात चंदन घातले, चंदनात केशर घातले. वास कमी वाटला म्हणून कस्तुरी घातली. तरीही कमीच वाटला, म्हणून आणखी कस्तुरी घातली. इतक्यात बाहेर पालखी थांबल्याचा आवाज आला. अमात्य गंध पाहायला आले असणार, या समजुतीने त्याची धांदल उडाली. नवे उपरणे घेतले, केस सारखे केले आणि राजगंध्याला शोभावे म्हणून तो नवा गंध दोन्ही हातांना खसाखसा चोळला. पालखी कुणा सावकाराची होती. ती पुढे निघून गेली.

मलय नदीवरून आला तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागले. उत्पला अंगणात नाकाला पदर लावून उभी होती आणि शेजारची गाय दावणीला हिसके देत होती. मलय आत गेला.

"कुमुद, कस्तुरी फार झाली रे. राणीसाहेबांचं डोकं उठेल."

"मला तर येतच नाहीये वास," कुमुद म्हणाला. "अजून घालायची आहे." मग इतके दिवस दाबून ठेवलेले बोलणे बाहेर पडले. "तुला बोलावलं नाही ना वाड्यात, म्हणून माझा गंध तुला सलतोय. सांग की सरळ!"

उत्पला दारात थबकली. मलयाला हे बोलणे लागले. छातीत काहीतरी आवळले आहे, श्वास गळ्याशी येऊन अडला आहे, हे त्याने पाहिले. त्याने कोपर नाकाशी नेला आणि तो श्वास हळूहळू पूर्ण सोडून दिला. मग तो भावाशेजारी बसला.

"तुझा डावा हात दे बघू."

कुमुदने रागातच हात पुढे केला. मलयाने तो हुंगला आणि खाली ठेवला.

"कोरा हात कुठाय तुझा?"

कुमुदने स्वतःच्या हाताकडे पाहिले. मग कोपर नाकाशी नेला. तिथे केवडा होता, कस्तुरी होती, पण तो स्वतः नव्हता. त्याच्या अंगावर परत येण्याजोगी जागाच उरली नव्हती. लहानपणापासून एवढी एकच गोष्ट वडिलांनी त्याला बजावली होती. त्याचा चेहरा पार उतरला.

नेमके तेव्हा अमात्य खरोखरच आले. उंबऱ्यात पाऊल टाकताच त्यांना शिंका सुरू झाल्या आणि त्या थांबेनात. उपरण्याने नाक पुसत त्यांनी मलयाला बाजूला घेतले. "हे काय आहे? हे दरबारात नेलं तर माझी धडगत नाही. मलय, उद्या तू ये. राजाला या घरचा गंधी हवाय, नाव कुणाचं का असेना. आत्ता हो म्हण, मी सगळं सांभाळून घेतो."

आत बसलेल्या कुमुदला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. मलयाने डावा कोपर हुंगला. अमात्य ताटकळले. मलयाने आत पाहिले. वाड्याचा विचार केला तेव्हा श्वास वर चढला आणि भावाच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे लक्ष गेले तेव्हा तो पुन्हा पोटात उतरला. आणखी काही विचारायची गरज त्याला वाटली नाही.

"नाही, अमात्य," तो म्हणाला. "मी येणार नाही. आणि त्याच्या नाकाला दोष देऊ नका, असं नाक या नगरात दुसरं नाही. आज ते भरलंय, एवढंच. उत्सव उद्या आहे. त्याचं उत्तर उद्या त्याच्याच तोंडून ऐका."

अमात्य पुन्हा शिंकले आणि निघून गेले.

मलयाने कुमुदला नदीवर नेले. पाण्यात उभे करून काठच्या मातीने त्याचा डावा हात घासला. कुमुद लहान असताना मलय त्याला अशीच आंघोळ घालीत असे. दुपार कलली तरी कस्तुरी काही हटेना, आणि ती निघाली तेव्हा हात लालबुंद झाला होता. मग दोघे गवतावर बसले.

"आता काय करू?" कुमुदने विचारले.

"श्वास सोड."

"आणि मग?"

"मग तो आपोआप येतो. तेवढं काम आपलं नाही." मलय हसला. "पाठ सरळ कर. ठरवू काही नकोस. वाडा डोळ्यांपुढे आण आणि श्वास कुठं जातो ते नुसतं बघ."

बऱ्याच वेळाने कुमुद म्हणाला, "वर चढतो. छातीतच राहतो."

"आता आपलं दुकान आण."

कुमुद बोलला तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता. "दादा, तिथंही अडतो रे. रागावू नकोस. मला वाडा नकोच होता. मला नुसतं मलयाचा भाऊ म्हणून राहायचं नव्हतं. वाड्यात गेलो की निदान माझं नाव तरी घेतील, असं वाटलं."

मलयाला वाईट वाटले. एवढी वर्षे शेजारी बसून आपल्याला हे कळले नाही, याचे जास्त वाईट वाटले. त्याने भावाच्या पाठीवर हात ठेवला.

वारा नदीच्या वरच्या अंगाने येत होता. कुमुदचे रिकामे झालेले नाक हलकेच उचलले गेले. "वाळा आहे तिकडं," तो म्हणाला. "ओल्या मातीत आहे, मुळं जून झालीत. कुणी खणलेलाच नाही." त्याने डोळे मिटले होते. त्याचे पोट संथ वर-खाली होत होते, हे मलयाने पाहिले, पण बोलून दाखवले नाही. कुमुदलाही ते थोड्या वेळाने आपोआप कळले.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. कुमुद साधे धुतलेले उपरणे घेऊन रिकाम्या हाताने आला. राजाचे बोलावणे परतवायचे म्हणजे काय, हे त्याला माहीत होते. त्याने कोपर हुंगला, श्वास सोडला आणि तो पुढे झाला.

राजाने विचारले, "गंध कुठे आहे?"

कुमुदने डावा हात पुढे केला. "महाराज, हा हुंगावा."

दरबारात चुळबुळ झाली. राजा कुतूहलाने वाकला. "याला तर काहीच वास नाही." मग तो पुन्हा वाकला. "थांब. येतो. मातीचा येतो. माणसाचा येतो."

"आम्ही गंधी हा हात कोरा ठेवतो, महाराज. नाक भरलं की इथं परत येतो. वाड्यात तर वाराही गंध घेऊनच येतो. इथं मला हा हात कोरा ठेवता येणार नाही. तो गेला तर माझं नाक जाईल आणि मग मी आपल्या काही उपयोगाचा राहणार नाही. म्हणून माझं उत्तर नाही असं आहे. मला नदीच्या वरच्या अंगाला जाऊन वाळ्याचं काम करायचंय."

अमात्यांनी मान खाली घातली. राजा मात्र स्वतःचा हात नाकाशी नेत होता. वर चमेली होती, चमेलीखाली केशर आणि केशराखाली चंदन. जन्मल्यापासून त्याला रोज उटणी लावली गेली होती.

"याच्या खाली मी कुठे आहे?" राजाने विचारले. मग राजा म्हणाला, "डावाच हात का रे?"

"उजवा कामात असतो, महाराज."

राजा मोठ्याने हसला आणि दरबाराचा जीव भांड्यात पडला. त्याने कुमुदला आनंदाने निरोप दिला. म्हाताऱ्या राजगंध्याच्या मदतीला वाड्यातलीच माणसे दिली आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या डाव्या हाताला उटणे लावू देणे बंद केले. पुढे कठीण निवाड्याच्या वेळी राजा कोपर नाकाशी धरून गप्प बसलेला दिसे. परदेशी दूतांना वाटे, महाराजांना खाज येत असावी. पण त्या राज्यात घाईने दिलेली शिक्षा कुणी भोगली नाही.

कुमुद नदीच्या वर राहू लागला. त्याने वाळ्यापासून असा गंध काढला की कुपी उघडताच माणसाचे खांदे सैल पडत. मलय त्याच्या आठवणीने कधी कधी कासावीस होई, पण नावेतून ओल्या मुळांच्या जुड्या आल्या की घरभर नदीचा वास सुटे आणि त्याला बरे वाटे.

एके दिवशी दूरदेशीचा एक व्यापारी दुकानाशी थांबला. त्याने मलयाला नीट न्याहाळले आणि विचारले, "तुम्ही वाळ्यावाल्या कुमुदचे भाऊ ना?"

मलयाने डावा कोपर हुंगला. श्वास पूर्ण सोडला. मग म्हणाला, "हो. कुमुदचाच भाऊ." त्या दिवशी उत्पलेने वाढलेला भात त्याने गरम गरम खाल्ला.

शास्त्यांनी, म्हणजे संघाच्या गुरूंनी, ही कथा पुढे एका आंब्याच्या बनात सांगितली. पुण्णजित नावाच्या भिक्खूला दूरच्या एका विहाराचे प्रमुखपद देऊ केले होते. जावे की राहावे हे त्याचे संघातल्या प्रत्येकाला विचारून झाले होते आणि आता तो शास्त्यांकडे आला होता. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे इथला वनपाल सुगंभीर. उत्पला म्हणजे या बनाची मालकीण खेमंकरा. शिंकणारे अमात्य म्हणजे तुझ्यामागे बसलेला भिक्खू दब्बिल. कुमुद तूच होतास, पुण्णजित, आणि मलय नावाचा गंधी मी होतो."

दब्बिल ओशाळून हसला. पुण्णजितने आपला प्रश्न विचारायला तोंड उघडले होते. ते त्याने मिटले, पाठ सरळ केली आणि आधी श्वास सोडला.

शास्ते म्हणाले, "याला स्मृती म्हणतात. स्वतःपाशी परत यायची आठवण."