एका पिंपाचे तीन भाव

कोकणातल्या एका संस्थानात रंभाजीराव नावाचे अबकारी दारोगा होते. नुसत्या जिभेवर आपण दारूचा भाव सांगतो, असा त्यांचा तोरा. ते ज्या दारूला नावं ठेवत, तिची भट्टी बंद होई.

एकदा शेवंती मयेकरणीची काजूची दारू दरबारात आली. थेट पिंपातली, पाण्याचा थेंबही न घातलेली. शेवंतीनं तीन तांबे मांडले आणि म्हणाली, "रावसाहेब, एकेक चाखून भाव सांगा."

रंभाजीरावांनी पहिला पेला रिचवला आणि तोंड वाकडं केलं. "दोन आणे! हिची भट्टी बंद करा."

दुसऱ्या पेल्यावर ते म्हणाले, "ही बरी आहे. आठ आणे."

तिसरा संपला तेव्हा त्यांनी शेजारच्या खांबाला मिठी मारली. "अमृत आहे, अमृत! पाच रुपये!"

"महाराज," शेवंती म्हणाली, "तिन्ही तांबे एकाच पिंपातले. तुमच्या शिपायादेखत भरलेत."

शिपायानं मान डोलावली.

महाराजांनी हसू दाबलं. "मग यातला खरा भाव कोणता?"

"तो तुम्हीच ठरवा, पण चौथ्या पेल्याच्या आत ठरवा. नाहीतर रावसाहेब अख्खं संस्थान माझ्या नावावर करून देतील."