कोयीची पुंगी

"सोड ते गाडीचं चाक, साळू!"

"नाही सोडत! आधी खाली उतरा, बाई!"

"उतरून काय करू? शाळेत तू एकटी. मला पाहिलं की बाकीची पोरं झाडावर चढतात."

"मग माझी जोडाक्षरं कोण पुरी करणार?"

गाव सोडून निघालेल्या कावेरीबाईंनी गाडीतलं बोचकं जवळ ओढलं. "पोरी, हो बाजूला," गाडीवान धोंडूकाका गुरगुरले. साळू रडत समोरच्या आमराईत पळाली.

साळूचा परकर फाटका होता. ती दुसऱ्यांच्या शेळ्या राखायची. पण आमराईतल्या कोवळ्या रोपांना एकाही शेळीला तोंड लावू द्यायची नाही. म्हणून तर तिचं रडू ऐकून एक रोपटं झळझळलं आणि त्यातून इवलीशी परी बाहेर आली! तांबूस पालवीचे पंख, कानांत दवाचे चिमुकले डूल.

"माझी बाळरोपं जपलीस ना, मग एक इच्छा माग. पण कुणाचं मन फिरवायला सांगायचं नाही. आणि मी दिलेलं सोनं परत केलंस, तर बदल्यात मातीतलंच मिळेल."

"बाईंना पोरांशी बोलायचा धीर होत नाही गं. घरात एकट्या किती छान गुणगुणतात! त्यांना काहीतरी वाजवायला दे."

परीने दिली सोन्याची बासरी. साळूने ती धावत गाडीपाशी नेली. बाईंनी ती ओठांना लावली आणि काय सांगू, पानं डोलली, निळी-पिवळी फुलपाखरं थव्याने आली! आमराईत झाडांवर चढून बसलेल्या पोरांनी देवळात जोडावेत तसे हात जोडले. पण खाली? एक उतरेल तर शपथ!

साळू तरातरा परत गेली. "घे तुझी बासरी!"

"इतकी गोड बासरी, आणि परत?"

"गोड आहे, पण ऐकून गप्प बसायचं, एवढंच पोरांच्या हाती उरतं!"

"मग मातीतलं मिळेल हं."

"तेच दे!"

परी असली म्हणून काय झालं, रुसायचं ते रुसलीच. गाल फुगवून तिने कोंब फुटलेली एक कोय दिली. त्या गावात पोरंपोरं कोयीची पुंगी करत: टरफल काढायचं, आतली बी दगडावर घासायची आणि फुंकायचं.

साळूने कोय बाईंच्या हातात ठेवली. बाईंनी खाली उतरून ती दगडावर घासली खरी, पण धरली उलटी. गाल फुगवून फुंकली.

भ्यॅऽऽऽ!

रेडकू हंबरावं तसा आवाज! झाडंच्या झाडं खदखदा हसली. बाई दचकल्या, आणि मग त्याही पोट धरून हसल्या. त्यांना हसताना पोरांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"अहो बाई, उलटी धरलीत!" गोंद्याने फांदीवरून उडी टाकली.

"मग सुलटी कशी धरू? दाखव की."

पटापट सगळी उतरली. कुणी दगड आणला, कुणी आपली पुंगी दिली. पीं-पीं, भ्यॅ-भ्यॅ, त्यातच बाईंचं गाणं! आमराईवर केशरी उजेड फुलला, त्यात दोन इवले पंख चमकले आणि परी हसत हसत उजेडात विरून गेली.

"बाई, बैल खोळंबलेत!" धोंडूकाका ओरडले.

"बाई येणार नाहीत!" पोरं ओरडली.

"तुम्हाला कोण विचारतंय रे, माकडांनो? बाई, बसताय की नाही?"

बाईंनी हनुवटी पुसली, पुंगी सुलटी धरली आणि म्हणाल्या, "रिकामीच न्या गाडी, काका, मला अजून नीट फुंकता येत नाही."