जळका वास

चंद्रपूरकडे, धानाच्या मुलखातल्या एका गावात मुरलीधर कोंतमवार नावाचा राइस मिलवाला राहत होता. मिल घराला लागूनच होती. माणूस मेहनती होता, शब्दाला पक्का होता, पण राग सदा नाकाच्या शेंड्यावर. तो घरी यायच्या वेळेला सगळे फाटकाकडे कान लावून बसत. फाटक आदळलं की टीव्ही बंद व्हायचा, बोलणं तोंडातच राहायचं आणि बायको शालिनी ताट वाढून मुकाट्यानं बाजूला उभी राहायची. मुरलीधरला वाटे, घरात आपला केवढा मान आहे!

त्याची एकुलती एक मुलगी मृणाल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. वैशाखाचे दिवस होते. सकाळी नऊ वाजताच अंगण पायाला चटके द्यायचं. मुरलीधरचा मुलीवर फार जीव. तो स्वतः नागपूरला गेला आणि तिच्या खोलीसाठी चांगला मोठा एसी घेऊन आला. बसवायला आलेल्या माणसानं खोलीतला बोर्ड उघडून पाहिला आणि मान हलवली.

"शेठ, इथली वायर जुनी आहे, बारीक आहे. एसीसाठी मीटरपासून वेगळी जाड वायर ओढून घ्या."

"तुला एसी लावायला बोलावलंय, शिकवायला नाही," मुरलीधर म्हणाला. "लाव आणि नीघ."

त्या माणसानं पंख्याच्याच बोर्डाला एसी जोडला आणि तो निघून गेला.

मृणालला मुलगी झाली. बाळ घरी आलं. बाहेर आग ओकणारं ऊन आणि आत गार खोली, त्यामुळे बाळाला पाहायला येणाऱ्या बायका तिथून उठायचं नाव घेत नसत. मुरलीधर येता-जाता खोलीच्या दारात थांबे आणि बाळाची झोप बघून मिशीत हसे.

पण पंधरवडा उलटला आणि खोली पूर्वीसारखी गार होईना. एसी दिवसभर घरघरत राही, तरी बाळाच्या मानेवर घामोळं उठलं. मृणालनं जेवताना विषय काढला.

"बाबा, एसीत काहीतरी बिघडलंय. एकदा मिस्त्रीला दाखवू या का?"

"नवीकोरी मशीन बिघडली?" मुरलीधरनं घास खाली ठेवला. "तुम्हाला धड रिमोट चालवता येत नाही, म्हणून मशीन बिघडली?" तो उठला, खोलीत गेला आणि रिमोटचं बटण दाबत दाबत आकडा सोळावर आणून ठेवला. "हात लावायचा नाही याला आता."

त्यानंतर मृणालनं तो विषय काढला नाही.

चार दिवसांनी घरकामाला येणाऱ्या पारबताला भिंतीवर पाण्याचा ओघळ दिसला. एसीतून पाणी झिरपत होतं आणि भिंतीवरून थेट बोर्डाच्या दिशेनं उतरत होतं. पारबता पन्नाशीची बाई, या घरात बारा वर्षं काम केलेली. तिनं जाऊन सांगितलं, "शेठ, एसीचं पाणी बटणांवर उतरून राहिलं. मला भ्या वाटते."

"तुला पुसायला ठेवलंय ना? मग पूस. भ्यायचे पैसे मिळत नाहीत."

पारबतानं पुसलं. दुसऱ्या दिवशीही पुसलं. मग तिनं एसीखाली एक जुनं धोतर अडकवून दिलं, म्हणजे ओघळ तरी वळेल. तिनंही तोंड मिटून घेतलं.

पुढे मीटरपेटीतलं, जादा भार आला की वीज तोडणारं बटण पडायला लागलं. एसी चालू झाला की अर्ध्या तासात खटकन बटण खाली. शालिनी ते पुन्हा वर करी. पुन्हा खाली पडे. एका दुपारी ते चारदा पडलं आणि नेमका मुरलीधर घरात होता. तो चिडून लाल झाला. मिलमधला वायरमन घनश्याम याला त्यानं हाक मारून बोलावलं.

"हे बटण काढ आणि मोठं बसव. पुन्हा पडलं नाही पाहिजे."

घनश्याम घुटमळला. "शेठ, बटण उगाच पडत नाही. वायर तापतेय म्हणून ते पडतं. मोठं बसवलं तर वायर तापत राहील आणि आपल्याला कळणारसुद्धा नाही. आधी एसी उघडून बघू."

"घनश्याम, तुला उद्यापासून कामावर यायचंय का?"

घनश्यामच्या घरी म्हातारे आईबाप होते. त्यानं मोठं बटण बसवलं. ते काही पडलं नाही. मुरलीधरनं संध्याकाळी दोनदा जाऊन पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "बघ. झालं की नाही ठीक? तुम्ही लोक नुसते रडत बसता."

त्या घरात आता कुणीच काही बोलत नव्हतं.

आणि मग तो वास आला.

सकाळची वेळ होती. मृणाल बाळाला अंघोळ घालून आत घेऊन आली, तर खोलीत करपल्यासारखा वास. प्लास्टिक जळतं तसा. तिनं एसी बंद केला. वास थोडा कमी झाला. तिनं बोर्डाजवळ हात नेला, तर भिंत तव्यासारखी गरम. ती बाळाला खांद्यावर टाकून वडिलांना सांगायला निघाली. मुरलीधर हॉलमध्ये फोनवर होता. कुणा ट्रकवाल्याला अशा शिव्या देत होता की बाळ दचकून रडायला लागलं. मृणाल दारातूनच मागे फिरली.

"आई, खोलीत जळका वास येतोय. तू सांग ना त्यांना," ती स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली.

"आत्ता नको गं. डोकं तापलंय त्यांचं. जेवण झालं की सांगते."

पण जेवणाच्या आधीच मुरलीधर नातीला पाहायला खोलीत आला. खिडक्या उघड्या, एसी बंद, बाळ घामानं भिजलेलं, आणि मृणाल त्याला पेपरनं वारा घालत बसलेली. त्याच्या डोक्यात सणक गेली.

"हा एसी काय मी भिंतीला शोभा म्हणून आणलाय? लेकरू भाजून निघतंय आणि तुम्ही मशीन बंद करून बसलात!"

"बाबा, तो..."

"एक शब्द नको!"

त्यानं धाडधाड खिडक्या लावल्या. रिमोट उचलला. आणि त्याच क्षणी त्याच्याही नाकाला तो वास लागला.

तो वास त्याला चांगला ओळखीचा होता. मिलमध्ये एखाद्या मोटरीतून असा वास आला असता, तर तो चप्पल न घालता धावला असता आणि आधी मेन स्विच ओढला असता. तीस वर्षं त्यानं यंत्रांत काढली होती. त्याचा अंगठा बटणावर थांबला. पण आता विचारावं कसं? विचारलं की मुलगी म्हणणार, मी सांगितलं होतं. पारबता ऐकणार. घनश्यामला कळणार. मिलमधली पोरं आपसांत हसणार. नुसत्या कल्पनेनंच त्याला पुन्हा राग आला आणि त्या रागात त्यानं बटण दाबलं.

एसी सुरू झाला. मुरलीधर दार ओढून घेऊन बाहेर पडला.

वडील हॉलमध्येच होते, त्यामुळे मृणालला एसी पुन्हा बंद करायचा धीर झाला नाही. अर्ध्या तासानं बाळ झोपलं. मृणाल दोन घास खायला स्वयंपाकघरात गेली. मुरलीधर हॉलमध्ये आडवा झाला होता. पारबता मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. तिनं सहज मान वळवली तर खिडकीच्या काचेआड काळा धूर. यावेळी ती कुणाला सांगायला गेली नाही. हातातला कपडा टाकून ती धावत घरात शिरली आणि खोलीचं दार ढकललं.

बोर्ड पेटला होता. ज्वाळा पडद्याला लागल्या होत्या, आणि एसीखालचं धोतर जळून तुकडे खाली पडत होते. बिछाना धुरात दिसत नव्हता. पारबतानं पदर तोंडाला लावला, हातानं चाचपत बाळ शोधलं, पोटाशी धरलं आणि वाकून बाहेर आली. वितळलेलं प्लास्टिक तिच्या उजव्या हातावर ठिबकलं, तिथली कातडी सोलून निघाली. तिनं बाळ मृणालच्या हातात दिलं तेव्हा ते रडत नव्हतं.

मुरलीधर ओरडत उठला, "मेन बंद करा! कुणीतरी मेन बंद करा!" पण त्याचं ऐकायला तिथं कुणीच थांबलं नव्हतं. सगळे बाळामागे पळाले होते. शेवटी त्यानंच मेन ओढला आणि मिलमधल्या माणसांनी वाळू टाकून आग विझवली.

दवाखान्यात नेताना बाळ रिक्षात रडलं. डॉक्टर म्हणाले, धूर थोडा छातीत गेलाय, दोन दिवस इथेच ठेवावं लागेल, पण वाचलं. अजून पाच मिनिटं गेली असती तर माझ्याकडे आणून उपयोग नव्हता.

मुरलीधर दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होता. भीती ओसरली आणि तिच्या जागी नेहमीचा राग चढला. दुसरं काही त्याला येतच नव्हतं.

"घरात एवढी माणसं!" तो सगळ्यांवर कडाडला. "एकालाही वास आला नाही? नाकं कुठे गेली होती तुमची?"

आजवर मृणाल वडिलांसमोर कधी मोठ्यानं बोलली नव्हती. ती बाकावरून उठली आणि त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"आला होता बाबा! मला आला, आईलाही मी सांगितलं."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"मी सांगितलं की खोली गार होत नाही, तर तुम्ही मला मूर्ख ठरवलं. पारबतामावशीनं पाण्याचं सांगितलं, तिला पुसायला लावलं. घनश्यामदादानं सांगितलं, त्याला नोकरीची धमकी दिलीत तुम्ही. तुमच्या घरात सांगायचं कुणी आणि कसं?" ती आणखी एक पाऊल पुढे आली. "आणि तुम्हालाही वास आला होता. मी तुमचा चेहरा पाहिला होता. तुम्हाला कळलं होतं, तरी तुम्ही बटण दाबलंत. माझं बाळ आत होतं आणि तुम्ही बटण दाबलंत!"

मृणाल वळली आणि बाळाच्या खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी एसी दुरुस्त करणारा मेश्राम मिस्त्री आला. त्यानं एसीचा बाहेरचा डबा उघडला. मिलमधून उडणाऱ्या कोंड्यानं तो गच्च भरला होता. आतली जाळीही कोंड्यानं बुजली होती, पाण्याची नळी तुंबली होती. मशीनला दमच घेता येत नव्हता, म्हणून ती रात्रंदिवस थांबत नव्हती आणि ती बारीक वायर तापत होती. मेश्रामनं भिंत फोडून वायर बाहेर काढली. तिच्यावरचं आवरण वितळून चिकटलं होतं.

"शेठ, तासाभराचं काम होतं हे," गावात सगळी हकिगत ऐकून आलेला मेश्राम चिडून म्हणाला. "खोली गार होईना तेव्हा बोलावलं असतं, तर धुऊन दिली असती. बटण पडलं तेव्हा बोलावलं असतं, तरी वायर बदलून दिली असती. आणि जळका वास आल्यावर मशीन चालू करणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता."

एरवी मुरलीधरनं त्याला फाटकाबाहेर काढलं असतं. आज तो भिंतीतल्या काळ्या भोकाकडे बघत राहिला. छातीत राग उसळत होता, पण तो कुणावर काढावा हे पहिल्यांदाच त्याला नेमकं कळत होतं.

मृणाल दवाखान्यातूनच सासरी गेली. तिनं वडिलांना बाळ हातात घेऊ दिलं नाही.

आठवड्यानंतर मुरलीधर पारबताच्या घरी गेला. हाताला पट्टी बांधून ती दारात बसली होती. त्याला पाहून ती उठली नाही.

"पारबता," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुझे उपकार आहेत माझ्यावर. माझं चुकलं. हात बरा झाला की ये परत कामावर. आता काहीही दिसलं तरी मला सांग, मी ऐकून घेईन."

पारबतानं त्याच्याकडे सरळ पाहिलं. बारा वर्षांत तिनं असं कधी पाहिलं नव्हतं.

"शेठ, त्या दिवशी मी आत गेली ते लेकरासाठी. तुमच्या घरासाठी नाही. मी येत नाही."

आणि उठून आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

तात्पर्य: यंत्र कुरकुरायला लागलं की त्याच दिवशी मिस्त्रीला दाखवावं, आणि जळका वास आला तर ते आधी बंद करावं. बिघाड सांगणाऱ्यावर मात्र ओरडू नये. त्याचं तोंड बंद केलं की पुढची खबर आगच घेऊन येते.