थांबलेल्या पाण्याला सांगितलेलं स्वप्न

डोंगरांच्या ओंजळीत, नदीकाठी वसलेलं एक गाव होतं. तिथं सकाळ फार हळू व्हायची. आधी धुकं जागं व्हायचं, मग नदी, मग कोंबडे आणि सगळ्यांत शेवटी माणसं.

त्या गावाची एक रीत होती. उठल्यावर कुणाशी एक शब्दही बोलायच्या आधी घाटावर जायचं, पाण्यात पाय सोडून बसायचं आणि रात्री पडलेलं स्वप्न नदीला सांगायचं. चांगलं असो की वाईट. वाहतं पाणी ते ऐकून घ्यायचं आणि सोबत घेऊन जायचं. माणसं हलकी होऊन घरी यायची आणि चुली पेटवायची. कुणाला काय स्वप्न पडलं, हे कुणी कुणाला विचारत नसे.

दुसरी रीत दरबाराची. राजवाड्यासमोरच्या उघड्या अंगणात दरबार भरायचा. मधोमध एक काळा दगड होता. ज्याच्यावर आरोप असेल, त्यानं त्या दगडावर उन्हात उभं राहायचं. ज्याला त्याच्या बाजूनं बोलायचं असेल, त्यानं त्याच्या डोक्यावर छत्री धरायची. डोक्यावर सावली आहे तोवर राजानं त्याचं ऐकायचं, आणि ऐकून संपल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. सावली हटली की ऐकणंही संपलं.

गावात साळूआत्या नावाची बाई हे छत्री धरायचं काम करायची. तिच्या आधी तिची आई करायची. वेताच्या काड्यांची, मेणकापडाची मोठी छत्री होती ती. इतकी ठिगळं लागलेली, की मूळ कापड कुठलं हे आत्यालाही सांगता आलं नसतं. कुणाच्या शेळीनं कुणाचं कुंपण खाल्लं, कुणी कुणाचं पाणी आपल्या वाफ्यात वळवलं, असली प्रकरणं असायची. आत्या फार बोलकी नव्हती. दरबारात तिचं एकच वाक्य ठरलेलं असायचं. राजा निकालाची घाई करू लागला, की ती म्हणायची, “महाराज, याचं अजून सांगून झालेलं नाही.”

एवढ्या एका वाक्यावर किती तरी माणसं संध्याकाळी आपापल्या घरी परतली होती.

एका वर्षी राजाच्या मनात आलं, आपल्या बागेपुढं एक निळं तळं असावं आणि त्यात हंस पोहावेत. त्यानं नदीवर बांध घातला. तळं भरलं, हंस आले. गावापुढचं पाणी मात्र थांबलं. दिसायला तेवढंच होतं, पण हलत नव्हतं. माणसांनी त्याला स्वप्नं सांगणं सोडून दिलं.

घाटावर धाकू नावाचा नावाडी राहायचा. त्याची जीभ फार तिखट. आणि आत्याचं न् त्याचं तर मुळीच पटायचं नाही. पैलतीरी जायला ती घाटावर आली, की तो आधी शेळ्या चढवायचा आणि म्हणायचा, “आत्या, तुझी ती ठिगळांची छत्री आहे ना, ती पाण्यावर उघड आणि जा तरंगत! माझ्या शेळ्या खोळंबल्यात.” आत्या तोंड फिरवून काठावर बसून राही.

एका सकाळी धाकू अर्धवट झोपेत घाटावर बसला आणि त्यानं आपलं स्वप्न पाण्याला सांगितलं. जन्मभराची सवय. पाणी थांबलेलं आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

ते स्वप्न वाहून गेलं नाही. दिवसभर घाटापाशी पानासारखं गोल गोल फिरत राहिलं. बायकांनी घागरी भरल्या, त्यांतून ते घरोघर गेलं. कुणी त्या पाण्यात भात शिजवला, कुणी ते तसंच प्यालं. राजवाड्यातही पाणी तिथूनच जायचं.

त्या रात्री साऱ्या गावाला एकच स्वप्न पडलं, आणि मग रोज रात्री तेच पडू लागलं. राजाचं सिंहासन रिकामं आहे आणि त्यावर एक टिटवी बसली आहे.

कोतवालाला सुगावा लागायला कितीसा वेळ लागणार! त्या सकाळी घाटावर पाण्याशी बोलताना एकटा धाकूच दिसला होता. त्यानं धाकूला होडीतूनच उचललं. आरोप ठेवला राजद्रोहाचा. “यानं स्वप्नातून राजाला गादीवरून उठवलं आणि सगळ्या गावाला फितवलं. याला मुकागडावर पाठवा.” मुकागड डोंगरांच्या पलीकडं होता. तिथं गेलेल्याचा आवाज पुन्हा कुणी ऐकलेला नव्हता. कोतवालानं दवंडीही पिटली, की या आरोपीवर जो छत्री धरेल, तो त्याच्या स्वप्नातला भागीदार समजला जाईल.

धाकूची बायको आत्याच्या दारात आली. उंबऱ्याशी नुसती बसून राहिली. आत्यानं तिला भाकरी वाढली, तीही तिनं खाल्ली नाही.

ती गेल्यावर थोड्या वेळानं कोतवाल आला. गोड हसून म्हणाला, “बाई, छत्री फार जुनी झाली हो तुमची. उंदरांनी खाल्ली म्हणा. काडी मोडली म्हणा. तुम्हाला कोण बोल लावणार? आणि तो नावाडी तुमचा लागतो तरी कोण? तुम्हाला काठावर बसवून शेळ्या नेणारा माणूस तो.”

“ते मात्र खरं आहे,” आत्या म्हणाली.

कोतवाल गेला. आत्या छत्री मांडीवर घेऊन बसली. एक काडी खरंच तडकलेली होती. अंगठ्यानं जरा दाबली असती, तर मोडलीच असती. तिनं अंगठा ठेवलाही. तिला धाकूचं ते खिदळणं ऐकू आलं, शेळ्यांचं बें-बें ऐकू आलं. मग वाटलं, छत्री धरताना आजवर आपण कधी विचारलं होतं का, की हा माणूस मला आवडतो का? कुंपण खाणाऱ्या शेळीचा मालक काय फार गुणाचा होता?

तिनं काडीवर दोरा गुंडाळला, मेण लावलं आणि छत्री भिंतीला टेकवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. धुकं नुकतंच विरत होतं, त्यामुळं अंगण पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. धाकू काळ्या दगडावर उभा होता. लोक भिंतीच्या कडेकडेनं, माना खाली घालून उभे होते. कुणीही पुढं येईना. तेवढ्यात अंगणाच्या टोकाला फटकन छत्री उघडल्याचा आवाज झाला.

धाकूनं डोळे वर केले. “आत्या, तू? मला वाटलं, तू शेळ्यांचा सूड उगवशील.”

“सरळ उभा राहा,” आत्या म्हणाली. “बाहेर झुकलास तर ऊन लागेल.”

कोतवालाला रीत पक्की ठाऊक होती. सावली आहे तोवर निकाल नाही, तर सावलीच दमवायची. त्यानं आरोप सांगायला सुरुवात केली ती धाकूच्या आजोबांच्या होडीपासून. ऊन चढत गेलं. कोतवाल बोलतच होता. आत्याचा हात भरून आला. तिनं हात बदलला. मग तोही भरून आला. छत्रीची कड धाकूच्या कपाळावरून सरकू लागली, आणि कोतवाल आणखी सावकाश बोलू लागला.

तेव्हा भिंतीकडून एक म्हातारी धनगरीण निघाली. पुढं आली आणि तिनं छत्रीचा दांडा खालून धरला.

“तुझंही नाव लागेल हं, म्हातारे!” कोतवाल ओरडला.

“लागू दे की. स्वप्न मलाही पडलंय,” ती म्हणाली. “टिटवी बघितली मी. शेपटी जरा आखूड होती.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग कुंभार आला. मग धाकूची बायको. मग आत्याच्या छत्रीमुळं जो एकदा कुंपणाचा खटला हरला होता, तोसुद्धा कुरकुरत आला. एक दमला की दुसरा दांडा धरी. छत्री जागची हलली नाही. शेवटी कोतवालाचाच घसा बसला.

राजा आतापर्यंत नुसता ऐकत होता. त्याचे डोळे तांबारलेले होते, जणू तो बरेच दिवस झोपलाच नव्हता. तो म्हणाला, “नावाड्या, मी काही दुष्ट नाही. ते सिंहासन शेजारच्या राजाचं होतं, एवढं म्हण आणि घरी जा.”

धाकूचा चेहरा उजळला. त्यानं तोंड उघडलं. आत्याकडं पाहिलं. आत्या म्हणाली, “बाबा, तुझं स्वप्न तू सांग. सोपं सांगायचं की खरं, ते तुझं तू ठरव. छत्री दोन्हीला तेवढीच आहे.”

धाकूनं सिंहासनाकडं पाहिलं. सिंहासनाच्या हातावर एक कोरलेला मोर होता आणि त्या मोराची चोच तुटलेली होती. धाकूचे खांदे पडले. “नाही महाराज. हेच होतं. तुटक्या चोचीचा मोर मी बघितला.”

भिंतीकडच्या लोकांनी माना आणखी खाली घातल्या.

“झालं तर!” कोतवाल घोगऱ्या आवाजात म्हणाला. “कबूल झाला. निकाल द्या.”

“महाराज,” आत्या म्हणाली, “याचं अजून सांगून झालेलं नाही.”

राजा दचकला. “अजून काय राहिलं?”

“ते मला ठाऊक नाही. कुणालाच नाही. टिटवीपर्यंत आलं, की सगळे घाबरून जागे होतात. पुढचं स्वप्न फक्त यानं पाहिलंय, आणि ते याला अजून कुणी विचारलेलं नाही.”

धाकू सांगू लागला. पण उन्हात उभं राहून त्याचा घसा कोरडा पडला होता. ओठ हलत होते आणि शब्द दगडाच्या पुढं जात नव्हते. राजानं कानाला हात लावला. पुढं वाकला. ऐकू येईना. शेवटी तो उठला, पायऱ्या उतरून अंगणात आला, आणि ऊन सहन होईना म्हणून वाकून आत्याच्या छत्रीखाली शिरला.

“आता बोल.”

“सिंहासन रिकामं होतं, महाराज,” धाकू पुटपुटला. “तुम्ही माझ्या घाटावर आला होता. डोक्यावर मुकुट नव्हता, म्हणून मी आधी ओळखलंच नाही. तुम्ही म्हणालात, पलीकडं सोडतोस का? मी वल्हं मारलं. पण होडी हलेना. पाणीच हलत नव्हतं. तुम्ही तसेच बसून राहिलात. तुम्हाला फार झोप आलेली दिसत होती.”

राजा अगदी हळू म्हणाला, “होडी मलाही दिसते. रोज. मी त्या होडीत बसतो, आणि ती हलत नाही.”

एवढ्यात धनगरीण म्हणाली, “अगं बाई!” सगळ्यांनी वळून पाहिलं.

मागं सिंहासन रिकामं होतं. आणि तुटक्या चोचीच्या मोरावर एक टिटवी येऊन बसली होती. तिनं मान वाकडी करून सगळ्यांकडं पाहिलं, पंख झटकले आणि ती उडून गेली.

स्वप्न खरं झालं होतं. आभाळ कोसळलं नाही, वाडा ढासळला नाही. राजा सिंहासनावरून उठला होता तो कुणाचं तरी ऐकायला, एवढंच.

राजा हसला. किती दिवसांनी हसला असेल! “जा नावाड्या. तुझं स्वप्न वाईट नव्हतं. सुटलास.”

लोकांनी सुस्कारा सोडला. पण छत्री मिटली नाही.

“आत्या,” धाकू कुजबुजला, “सुटलो की गं! मिटव ना ती!”

“तू गप्प राहा.” आत्यानं दांडा आणखी घट्ट धरला. “महाराज, याचं स्वप्न गोड निघालं म्हणून याला सोडू नका. उद्या कुणाला खरोखर कडू स्वप्न पडेल, तुमच्याबद्दलच पडेल, आणि तो या दगडावर उभा राहील. तेव्हा सावली धरणाऱ्याला कोतवाल भागीदार म्हणतील. मग छत्री घेऊन कोण येईल?”

राजानं कोतवालाकडं पाहिलं, मग डोक्यावरच्या ठिगळांकडं. त्या ठिगळांतून ऊन झिरपून त्याच्या खांद्यावर पडत होतं, रंगीबेरंगी.

“स्वप्नाला शिक्षा नाही,” राजा म्हणाला. “आणि सावली धरणाऱ्यालाही नाही. गोड असो की कडू. दवंडी आजच फिरवा. बांधही फोडा. हंस काय, नदीत पोहतील.” मग त्यानं आत्याला विचारलं, “बाई, आता तरी झालं का याचं सांगून?”

आत्यानं धाकूकडं पाहिलं. धाकूनं मान डोलावली.

“झालं, महाराज,” ती म्हणाली, आणि तिनं छत्री मिटली.

त्या संध्याकाळी नदी पुन्हा वाहू लागली. पुढच्या सकाळी धुक्यात, घाटावर गावकऱ्यांच्या जोडीनं आणखी एक जण पाण्यात पाय सोडून बसला होता. त्याच्या डोक्यावर मुकुट नव्हता. त्यानं नदीला काय सांगितलं, ते कुणी विचारलं नाही.

आत्या पैलतीरी जायला निघाली होती. धाकूनं शेळ्या बाजूला हाकल्या. “आत्या, आज तू आधी.”

“घे बाबा शेळ्या आधी,” ती होडीच्या कडेला छत्री ठेवत म्हणाली, “मी काय, तरंगत येईन.” आणि मग हसत हसत चढून बसली.

तात्पर्य: माणूस आपल्याला आवडतो की नाही, त्याचं म्हणणं गोड आहे की कडू, हे पाहून सावली धरायची नसते, त्याचं सांगून होईपर्यंत ती धरून ठेवायची असते. हात दमले, तर दुसऱ्यानं दांडा धरावा.